मागणी आणि मुदत

४ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी मधल्या सुट्टीत उपमुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर भूगोलवालीला, तुम्हाला घड्याळ वाचता येतं का, असं विचारलं, आणि त्या क्षणाला माझं सगळं बदललं. मी नोकरी सोडली. एवढं वाचून पाणी पी, मग पुढचं वाच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी ओरडतो, तू ठेवून देतेस, आणि मागून आई कोण आहे, कोण आहे करत राहते. पत्र तुझ्या चष्म्याच्या दुकानावर येतं, ते बरं. फ्रेमच्या डब्यांमागे उभी राहून वाच. बाबांना इतक्यात कळू देऊ नकोस.

झालं असं. भूगोलवाली, म्हणजे जिच्याशिवाय माझ्या पत्रांत दुसरा विषय नसतो अशी तुझी तक्रार आहे ती, पाचवीच्या मुलांना मैदानात घेऊन गेली होती. काठी रोवून सावली मोजायला. मुलं रमली आणि पोहण्याच्या तासाला उशिरा आली. पोहण्याचा तास कोणाचा? माझा. तक्रार मी केली? मुळीच नाही. मी तलावाच्या कडेला बसून जाळीने पाण्यातली पानं काढत होतो, मजेत. पण साहेबांनी खिडकीतून रिकामा तलाव पाहिला आणि सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येऊन तिला धरलं.

ती शांतपणे म्हणाली की चूक झाली, पुन्हा होणार नाही, आणि तिने चहाचा कप उचलला. विषय तिथे संपला होता, हे मला आता कळतंय. तेव्हा डोक्यात नुसता जाळ झाला. मी म्हणालो की तास माझा, उशीर माझ्या तासाला, मला चालतंय तर तुमच्या का पोटात दुखतंय. ते म्हणाले की पोहणं शिकवणाऱ्याने शिक्षकांच्या बोलण्यात पडू नये. झालं. गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यासमोर टाकली, तिथल्याच कागदावर राजीनामा लिहिला आणि निघालो. अंगात पोहण्याची चड्डी आणि खांद्यावर टॉवेल. अशा वेशात आजवर कोणी राजीनामा दिला नसेल.

वाटलं होतं ती मागे येईल. आली. जिन्यात गाठून म्हणाली की माझी बोलणी मला खाता येतात, माझ्या पानात हात घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं. आणि वर निघून गेली. ताई, रागावली की ती पायऱ्या दोन दोन चढते. मी खाली उभा राहून बघत बसलो.

आता अडचण एकच. माझा व्हिसा शाळेच्या नावावर आहे. नोकरी गेली की तोही गेल्यात जमा. एप्रिलअखेरपर्यंत दुसरी सोय झाली नाही तर देश सोडायचा. मी घाबरलेलो नाही. तूही घाबरू नकोस.

दाजींना नमस्कार, पिल्लूचा गालगुच्चा घे. आहे ती माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा
भडकू


१३ मार्च

चि. भडकू यास,
अनेक आशीर्वाद. (पूर्वी होते तेवढे नाहीत.)

पत्र दुकानात वाचलं आणि एका आजोबांच्या हातात दुसऱ्याच कोणाचा चष्मा दिला. ते बिचारे घालून पायरी उतरले आणि धडपडले. तुझ्या रागाची झळ कुठवर पोचते बघ.

कॉलेज अर्ध्यावर सोडलंस तेव्हा प्राध्यापक मूर्ख होते. पोहण्याच्या संघातून नाव गेलं तेव्हा निवडणारे आंधळे होते. आता हे उपमुख्याध्यापक. तुझ्याच वाटेवर देव एवढी वाईट माणसं कुठून आणून पेरतो, मला कळत नाही. हे म्हणतात की त्याला ओरडू नको, बिचारा एकटा आहे. मी ओरडत नाहीये. लिहिते आहे.

बाबांना सांगितलेलं नाही. सांगणार तरी कसं? छापखान्यात कोणी नवीन माणूस आला की त्याला आधी तू मास्तर आहेस हे कळतं, मग शाई कुठे ठेवतात ते. परवा आईला म्हणाले की ज्याला शाळेत बसवायला दोघं धरून न्यायचो, तो आता शाळेत दुसऱ्यांना धरून ठेवतो. आणि स्वतःच हसले. मी भाजी निवडत मान खाली घालून बसले.

तू आता एक कर. व्हिसाचं काम जाणणाऱ्या माणसाकडे जा. किती वाटा आहेत, अरुंद असल्या तरी, सगळ्या विचार आणि मला कळव. लपवाछपवी नको. दुसरं असं की, तिला तू कधी काही बोलला आहेस का? साहेबांसमोर शिट्टी टाकायला हात उचलतो आणि दोन शब्द बोलायला जीभ उचलत नाही, असला कसला रे तुझा शूरपणा?

वेळेवर जेव. अंगावर ओलं ठेवू नकोस. तुझ्यावर चिडलेली असले तरी तुझीच,

ताई


२२ मार्च

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे सल्लागाराकडे जाऊन आलो. एका लाँड्रीच्या वर त्याची खोली आहे. खालच्या इस्त्र्यांनी फरशी गरम असते, त्यामुळे बसलेला प्रत्येक जण पाय उचलून धरतो. सल्लागार माणूस सभ्य. माझी सगळी कथा ऐकली आणि हाताची बोटं मोजायला घेतली.

करंगळी, दुसरी शाळा. पण त्यासाठी जुन्या शाळेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि बहुतेक शाळांना पदवी लागते. या शाळेने मला पोहण्याच्या प्रमाणपत्रावर घेतलं, तो त्यांचा मोठेपणा. दुसरं बोट, इथेच शिकायला राहणं. त्याला आधीचं काहीतरी पूर्ण केलेलं लागतं. मी विचारलं की अर्ध्या कॉलेजवर अर्धा व्हिसा मिळतो का. तो हसला नाही. तिसरं बोट, पाहुणा म्हणून राहणं. काम करायचं नाही, बाहेर जाऊन पुन्हा अर्ज करायचा, आणि माझ्यासारख्या नुकत्याच नोकरी सोडलेल्याला बहुधा नाहीच म्हणतात. चौथं बोट, शाळेत जाऊन पाय धरणं.

ते केलं, ताई. तुझा विश्वास बसणार नाही. सगळे चहा पीत असताना त्याच खोलीत उभा राहिलो आणि मोठ्याने माफी मागितली. ती खिडकीशी वह्या तपासत होती. मान वर केली नाही, पण पेन थांबलं. साहेबांनी मला खुर्ची दिली. म्हणाले की माझ्या मनात काही नाही, तरुण रक्त आहे, व्हायचंच. मग म्हणाले की जरा बाहेर बघा. तलावात नवा माणूस उतरला होता. माझी मुलं फळ्या धरून पाय मारत होती, एका ओळीत. मला ती ओळ कधी जमली नव्हती. तो चांगलं शिकवतो, हेच सगळ्यात वाईट.

ना-हरकत पत्राचं विचारलं. आगाऊ न कळवता गेलेल्याला देता येत नाही, असा नियम आहे म्हणाले. नियमांचं पुस्तक माझ्याकडे वळवून वाचायलाही दिलं. भांडायला जागाच ठेवली नाही.

अंगठा उरला होता. सल्लागाराने तो हलवून विचारलं की इथे नोकरी असलेली बायको आहे का. नाही म्हटलं. मग होणार आहे का, म्हणाला. मी नुसता हसलो आणि कान तापले. शाळा सुटल्यावर मी तिला तरंगायला शिकवायचो, ते लिहिलं होतं ना तुला? पाण्याला घाबरायची. तेही आता गेलं. रस्त्यात भेटते, कसं चाललंय विचारते, आणि मी ठीक म्हणतो.

तिचे वडील आपल्याच गावात, टपाल कचेरीमागे होमिओपॅथीचा दवाखाना चालवतात, असं परवा बोलता बोलता कळलं. जग केवढंसं आहे. पण तिला आत्ता काही विचारणार नाही. आधी व्हिसाचं मार्गी लागू दे. आत्ता विचारलं तर ती काय समजेल?

बाकी बरं. म्हणजे बरं नाही, पण तू काळजी करू नकोस. मनात जागा असू दे.

तुझा
भडकू


२ एप्रिल

चि. भडकू यास,
या वेळी भरघोस आशीर्वाद. कारण पुढे वाच.

तुझ्या अंगठ्याचा मी दोन दिवस विचार केला. मनात मुलगी आहे, मुलीकडे व्हिसा आहे, मुलीचं माहेर आपल्या गावात आहे, आणि आमचा राजा लाजून बसला आहे. तुझ्याच्याने काही होणार नाही हे ओळखलं आणि आईला विश्वासात घेतलं. सगळं सांगितलं. ती थोडी रडली, मग तिने चांगली साडी काढली.

गुरुवारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. ओळखपाळख नाही, घरात कसं शिरायचं? म्हणून पेशंटांच्या बाकावर बसलो. कंपाउंडरने नंबर दिला. आमची पाळी आली तशी डॉक्टरांनी आईला विचारलं की काय होतंय. आई म्हणाली, मुलगा. त्यांनी विचारलं की केव्हापासून त्रास आहे. आई म्हणाली की जन्मापासून. अरे, डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. (फ्रेम जुनी आहे, नाकावरून घसरते. मी तिथेच वाकवून नीट करून दिली.) मग आम्ही खरं काय ते सांगितलं. तिच्या आईने पडद्याआडून ऐकलंच होतं. त्या बाहेर आल्या, चहा झाला, तुझा फोटो दाखवला. पोहण्याच्या चड्डीतला नव्हे, शर्टातला.

सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. मग डॉक्टरांनी सहज विचारलं की एवढी घाई कशाची. आईला खोटं येत नाही, तुला माहीत आहे. तिने सरळ सांगून टाकलं की एप्रिलअखेर लग्न झालं नाही तर पोराला त्या देशातून बाहेर काढतील. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिला वाटलं माझा पाय अवघडलाय, तिने स्वतःचा बाजूला घेतला आणि पुढे बोलत राहिली.

डॉक्टर मग गप्प झाले. मुलीला विचारतो म्हणाले. मी म्हणते, गप्प झाले म्हणजे विचारात पडले, चांगलं लक्षण आहे. बाबांनाही आता कळलंय. दाढीचं पाणी बदलून आले आणि पुन्हा तीच बाजू घोटली.

आता तिने होकार दिला की आधी मला कळव. मानपान काही नको, तुमचं मन असलं की पुरे.

तुझी
ताई


९ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे समजून घे.

पत्र आज मिळालं. तिला तिच्या वडिलांचा फोन त्याच गुरुवारी गेला होता. म्हणजे माझ्या नावाने मागणी गेल्याचं मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. शुक्रवारी ती बसथांब्यावर आली. हातात मुलांचे नकाशे, गुंडाळून रबर लावलेले. म्हणाली की हे तुम्हाला सल्लागाराने सुचवलं का. मला काही समजेना. मग तिने सगळं सांगितलं, आई काय म्हणाली ते, शब्दन् शब्द.

मी म्हटलं की मी पाठवलं नाही. म्हणाली की मग घरच्यांना मुदत कोणी सांगितली. मी म्हटलं की तुम्ही मला पहिल्या दिवसापासून आवडता. म्हणाली की पहिल्या दिवसापासून आवडत होते तर मागणी राजीनाम्यानंतर कशी आली. ओरडून बोललो, तर आजूबाजूचे बघायला लागले. हळू बोललो, तर मलाच खोटं वाटायला लागलं. बस आली, ती गेली.

मी लिहिलं होतं की आत्ता विचारणार नाही. लिहिलं होतं ना? वाचून सोडून दिलंस?

पण खरं सांगू, तुझ्यावरही नीट चिडता येत नाहीये. तू माझ्यासाठीच गेलीस. आई खरं बोलली. डॉक्टरांनी स्वतःच्या मुलीला सांगितलं, त्यात काय चुकलं? साहेबांनी नियम पाळला. सगळे बरोबर आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला चिडायला कोणी सापडत नाहीये. दिवसभर खोलीत बसून असतो. समोरच्या इमारतीत एक बाई खिडक्या पुसते, ते बघतो.

तू आणखी काही करू नकोस. तुझ्या गळ्याची शपथ.

भडकू


१२ एप्रिल

सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी पत्ता दवाखान्यात तुम्ही ठेवलेल्या चिठ्ठीवरून बाबांकडून घेतला आणि लिहिते आहे. बाबा तुमच्याशी शेवटी तुटक वागले, त्याबद्दल राग धरू नये. तुम्ही सरळ करून दिलेला चष्मा आता घसरत नाही, हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं.

तुमच्या आईंना सांगा की त्यांच्या बोलण्याचं मला वाईट वाटलेलं नाही. त्या खोटं बोलल्या असत्या आणि खरं मला लग्नानंतर कळलं असतं, तर ते फार वाईट झालं असतं.

तुमच्या भावाला शाळेतली मुलं बुडबुडे सर म्हणतात, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. मी पाण्याला घाबरायची. ते माझ्या पाठीखाली हात धरायचे आणि वर आभाळाकडे बघा म्हणायचे. एक दिवस त्यांनी न सांगता हात काढून घेतला. मला कळलं होतं. पण कळलं म्हटलं असतं तर मला तरंगता येतं असं झालं असतं आणि शिकवणी संपली असती. म्हणून त्यानंतरही बरेच दिवस मी बुडायची भीती दाखवत राहिले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

महिनाभर आधी त्यांनी स्वतः विचारलं असतं तर मला उत्तर शोधावं लागलं नसतं. आता मला माझंच कळेनासं झालंय. ते बोलतात ते खरं असेलही. पण मी काहीही म्हटलं तरी त्यात ती मुदत येऊन बसते.

तरीही त्यांची नोकरी माझ्यापायी गेली, मी सांगितलं नव्हतं तरी. त्यांनी असं रिकाम्या हाताने परत जावं, हे मला बघवणार नाही. मी त्यांच्याशी कागदावर लग्न करायला तयार आहे. त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत. मी माझ्या खोलीत, ते त्यांच्या. हे योग्य नाही, मला कळतं. पण याहून दुसरं काही मला सुचलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना बोलावून सांगणार आहे.

यातलं त्यांना काय कळवायचं, काय नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. घरच्या सगळ्यांना नमस्कार. मनात किल्मिष नसावं.

आपली
भूगोलवाली
(हेही नाव त्यांनीच ठेवलंय, मला माहीत आहे.)


२० एप्रिल

चि. भडकू यास,
आशीर्वाद.

कान धरून लिहिते आहे. तू लिहिलं होतंस आणि मी वाचलंही होतं. मला वाटलं, लाजतोय. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा बसवते आणि समोर लिहिलेलं मला दिसलं नाही.

तिचं पत्र आलंय. घाबरू नकोस, वाईट नाही. त्यात काय आहे ते मी लिहायला दोनदा बसले आणि दोनदा कागद फाडला. एकदा मध्ये तोंड घालून तुझं वाटोळं केलं. आता तुमचं तुम्ही बघा. तिला जे सांगायचंय ते ती सांगेल, माझ्या तोंडून त्याला पुन्हा भलता वास यायला नको. तू फक्त एक कर. ती बोलावेल तेव्हा जा, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उठू नकोस. एवढं माझ्यासाठी.

बाबा काल तुझ्या कॉलेजात गेले होते. कोणाला न सांगता. सोडलेलं वर्ष पुन्हा धरता येतं का, विचारून आले. येतं म्हणे. घरी येऊन तुझ्या खोलीतल्या पंख्याला तेल घातलं. म्हणाले की आवाज करत होता. दोन वर्षं तो पंखा कोणी लावलेला नाही.

तू राहिलास तर आनंद, आलास तरी आनंद, हे आम्ही सगळे म्हणतो आहोत. रागावला असशील तर रागाव, पण पत्र टाक.

ताई


२८ एप्रिल

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा येतोय. हे पत्र बहुधा माझ्यानंतर पोचेल, तरी लिहितो. तोंडाने सांगायला लागलो तर मध्येच ओरडेन.

खोली रिकामी केली. चादरी खालच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याला दिल्या, तो म्हणाला की पुन्हा याल तेव्हा परत घ्या. मी हो म्हटलं. सल्लागाराला सांगायला गेलो, तर त्याने हात मिळवला आणि कधी परिस्थिती बदलली तर या म्हणाला. शाळेवरून गेलो नाही. लांबून जातो तो रस्ता धरला.

बाबांना म्हणावं घ्यायला येऊ नका, मी येईन आपला. आले तरी काही विचारू नका म्हणावं. कॉलेजचं बघू. नाही म्हणत नाही. आईला सांग की तिच्यावर माझा राग नाही, तिने त्या गोष्टीवरून पुन्हा रडू नये. तुझ्यावरही नाही. भूगोलवालीच्या पत्रात काय होतं ते मी तुला कधी विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस. जे ऐकलं तेवढं पुष्कळ झालं.

घरात मला जरा सांभाळून घ्या, इतकंच.

तुझा
भडकू

ता. क. तू विचारशीलच, म्हणून लिहितो. तिने रविवारी बोलावलं होतं. खोली लहान आहे, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा, एका कोपऱ्याचा चिकटपट्टीचा तुकडा सुटलेला. तिने चहा केला आणि समोर बसून सगळं नीट सांगितलं, वर्गात सांगते तसं. कागदावर लग्न, वेगळ्या खोल्या, काम मिळालं की मोडायचं. तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते भरून निघेल, म्हणाली. मी तू सांगितलंस तसं शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही मध्ये बोललो नाही.

मग एकच विचारलं. व्हिसाचा प्रश्न नसता, माझी नोकरी शाबूत असती आणि मी असाच येऊन बसलो असतो, तर तुम्ही काय म्हणाला असता? ती बराच वेळ नकाशाचा सुटलेला कोपरा बोटाने दाबत राहिली. मग म्हणाली की आता कसं कळणार.

राहायला मिळत होतं, ताई. हो म्हटलं की झालं होतं. पण मग रोज ती समोर दिसली असती आणि रोज तिला वाटलं असतं की हा व्हिसाकडे बघतोय. मलाही काही दिवसांनी तसंच वाटायला लागलं असतं. मी म्हटलं की नको. ती म्हणाली की पुन्हा विचार करा. मी म्हटलं की केला.

उठलो. चहा तरी संपवा म्हणाली, तो उभ्यानेच संपवला. दाराशी चपला घालताना वाटलं की ती काहीतरी बोलेल. म्हणून साध्या चपला घालायला जितका वेळ लावता येतो तितका लावला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. मग मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, ताई. नुसतं लावलं.